राजेशाही मुक्कामाची मीमांसा

ऐतिहासिक वास्तूत, अथवा तशी भासेल अशा बेताने बांधलेल्या नव्या वास्तूत, शहरापासून दूर, हिरवळ आणि मोर यांच्या सान्निध्यात, घरच्या महिन्याच्या किराण्याइतकी रक्कम एका रात्रीसाठी मोजून झोपण्याच्या व्यवहारास सांप्रत ‘हेरिटेज स्टे’ म्हटले जाते. यास राजेशाही मुक्काम म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच, की पूर्वी असा मुक्काम फक्त राजे करीत आणि राजे त्याचे बिल देत नसत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने हेरिटेज हॉटेल या वर्गासाठी जी कसोटी घातली आहे तिच्यानुसार मूळ वास्तू, मग ती राजवाडा असो, किल्ला असो, हवेली असो वा शिकारीचा बंगला असो, १९५० पूर्वी बांधलेली असावी लागते. ही कसोटी ठरवताना छत्रपती संभाजीनगर जिल्हा कोणाच्या डोळ्यांसमोर असेल असे वाटत नाही, कारण येथे १९५० पूर्वीचे असणे ही काही विशेष पात्रता समजली जात नाही. शहरातल्या ज्या दरवाजांतून रिक्षा रोज अंग चोरून जातात ते दरवाजे मोगल अमदानीतले आहेत, आणि जिल्ह्यातील सर्वांत जुन्या निवासी खोल्यांपैकी काहींचे वय सुमारे दोन हजार वर्षे भरते.

या खोल्या अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात आहेत. हे लेणे म्हणजे विहार, अर्थात बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान. पावसाळ्यात भटकंती थांबवून एके ठिकाणी राहण्याचा जो नियम भिक्षूंना होता, ज्यास वर्षावास म्हणतात, त्याच्या सोयीसाठी अशी लेणी खोदली गेली. मधल्या दालनाच्या तीन बाजूंना बारा खोल्या असून प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे आहेत, म्हणजे दोघांत एक खोली या ज्या पद्धतीस सहल कंपन्या ‘ट्विन शेअरिंग’ म्हणतात ती येथे इसवी सनापूर्वीच रूढ झालेली दिसते. ओटे डोंगरातूनच कोरलेले असल्याने गादी मऊ हवी की कडक, हा प्रश्न पाहुण्यास विचारण्याची सोय नव्हती. पलंग खिडकीजवळ सरकवून मिळेल काय, हा प्रश्नही उद्भवत नसे. पाठीच्या आरोग्यासाठी अतिकडक गादी जादा दराने देणाऱ्या आजच्या हॉटेलांनी आपला आद्य पूर्वज येथे येऊन अवश्य पाहावा.

तथापि राजेशाही मुक्कामाच्या इतिहासात खरे महत्त्व सोळाव्या लेण्यास द्यावे लागते, कारण जिल्ह्यातील पहिले माहितीपत्रक तेथे आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात हे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले आणि तसा संस्कृत शिलालेख व्हरांड्याबाहेरच्या भिंतीवर कोरवला. त्यात देणगीदाराच्या पुण्याबरोबरच वास्तूचेही वर्णन येते: खिडक्या आहेत, दारे आहेत, चित्रांनी सजलेल्या वीथी आहेत, सुंदर खांब व जिने आहेत, अप्सरांच्या मूर्ती आहेत, पाण्याचा मोठा साठा आहे, सर्व ऋतूंत येथे सुखाने राहता येते आणि एकंदर शोभा देवांच्या राजाच्या प्रासादासारखी आहे, असा त्याचा आशय आहे. हा मजकूर पंधराशे वर्षांपूर्वीचा आहे हे सांगितले नाही, तर आजच्या कोणत्याही हॉटेलाच्या चकचकीत पत्रकात तो सहज खपून जाईल. फार तर वाय-फायचा उल्लेख तेवढा घालावा लागेल. शिलालेखात शय्येच्या दगडीपणाविषयी काही सांगितलेले नाही, आणि माहितीपत्रकाने नेमक्या त्या गोष्टीविषयी मौन पाळण्याची परंपराही तेवढीच जुनी मानली पाहिजे. मात्र अप्सरा, खांब आणि इंद्रप्रासाद यांच्या गर्दीत पाण्याचा साठा हा एकच तपशील असा आहे, की ज्यावर पाहुण्याचा प्रत्यक्ष दिवस अवलंबून असतो. वराहदेवास मराठवाड्याचे मर्म कळले होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

वेरूळच्या पाचव्या लेण्याचा उल्लेख भोजनव्यवस्थेच्या संदर्भात करावा लागतो. या लांबलचक दालनात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर जाणारे दोन बुटके दगडी बाक असून ते पंगतीसाठी असावेत की पठणासाठी, याविषयी अभ्यासकांत चर्चा आहे. पंगतीसाठी असतील, तर त्या काळी पाहुणा बसत असे आणि अन्न त्याच्याकडे येत असे असा निष्कर्ष निघतो. आज सर्वाधिक दर देणाऱ्या पाहुण्याने स्वतः ताटली घेऊन रांगेत उभे राहावे आणि इडली, पोहे, छोले व पास्ता एकाच ताटलीत एकमेकांना लागू न देता आणावेत, या पद्धतीस बुफे म्हणतात व ती प्रगत मानली जाते.

ग्रामीण भागातील, डोंगराच्या कुशीतील, चोहोबाजूंनी खंदक असलेली आणि परवानगीशिवाय कोणालाही आत येऊ न देणारी निवासी वसाहत, ही जी कल्पना आजच्या जाहिरातींत वारंवार आढळते, तिची पूर्ण सिद्धी जिल्ह्यात एकदाच झाली, ती देवगिरी अथवा दौलताबादच्या किल्ल्यात. येथील मुक्कामाचा एक जुना अभिप्राय इब्न बतूता या चौदाव्या शतकातील मोरोक्कन प्रवाशाने नोंदवून ठेवला आहे. खत्ताब नावाच्या अफगाण सरदारास या किल्ल्यात उंदरांचे विवर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खड्ड्यात ठेवले होते. रात्री उंदीर जमून त्याच्यावर चालून येत आणि त्याला त्यांच्याशी झुंजावे लागे. येथील उंदीर मांजरांपेक्षा मोठे असून मांजरेच त्यांना पाहून पळतात, असेही हा प्रवासी लिहितो. पुढे शेजारच्या विवरातील दुसरा कैदी आजारी पडला असता उंदरांनी त्याला खाल्ले, आणि ही वार्ता सुलतानाच्या कानी गेल्यावर, याचीही तीच गत होऊ नये म्हणून खत्ताबास बाहेर काढण्यात आले. तक्रारीची दखल शेजाऱ्याचा बळी गेल्याशिवाय न घेण्याचा हा प्रघात आतिथ्यव्यवसायापुरताच मर्यादित आहे, असे मात्र म्हणता येणार नाही.

याच किल्ल्यात दीर्घ राजेशाही मुक्काम करण्याचा मान गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन, जो तानाशाह या नावाने ओळखला जातो, याच्याकडे जातो. सप्टेंबर १६८७ मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने गोवळकोंडा घेतला. त्या पहाटेचा खाफीखान या मोगल इतिहासकाराने दिलेला वृत्तांत असा, की सरदार पकडावयास आले असता अबुल हसनाने त्यांचे शांतपणे स्वागत केले आणि जेवणाची वेळ होताच जेवण मागवले; अशा प्रसंगी घास उतरतो कसा, असे एका सरदाराने विचारले असता, ही आपली रोजची जेवणाची वेळ आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. नाश्ता साडेदहाला बंद होतो एवढ्या सूचनेने ज्यांचा जीव वरखाली होतो अशा आधुनिक पाहुण्यांनी हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा. अबुल हसनास दौलताबादेत चिनी महाल या वास्तूत ठेवण्यात आले. निळ्या-पांढऱ्या झिलईदार फरशांमुळे तिला हे नाव मिळाले. वास्तू ऐतिहासिक, परिसर ग्रामीण, हवा कोरडी, दृश्य उत्तम, सेवकवर्ग हजर आणि खर्च यजमानाचा, असा हा योग असूनही पाहुणा प्रसन्न नव्हता, कारण मुक्काम संपण्याची तारीख ठरलेली नव्हती. ती सुमारे बारा वर्षांनी त्याच्या मृत्यूनेच ठरली. म्हणजे त्याच भिंती, तोच डोंगर आणि तीच शांतता यांस एका माणसाने कैद समजावे आणि दुसऱ्याने सवलतीच्या दरात मिळाली म्हणून शेजाऱ्यांना छायाचित्रे पाठवावीत, यातील भेद काय तो दाराची कडी कोणत्या बाजूस आहे एवढाच असतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळणे योग्य होईल. ऐश्वर्य म्हणजे काय, याविषयी हॉटेलांचे आणि या जिल्ह्याचे कधीच एकमत झालेले नाही. हॉटेले ऐश्वर्य कमानींत, झुंबरांत आणि पितळी सुरईत शोधतात. जिल्हा ते पाण्यात शोधतो. देवगिरीवर हत्ती हौद आहे. खडकी, म्हणजे आजचे शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातील पाणी जमिनीखालून शहरात आणले आणि ती योजना नहर-ए-अंबरी म्हणून प्रसिद्ध पावली. नौखंडा महालही त्याचाच, पण शहरात आजही आदराने आठवण निघते ती नहरीची. पाणचक्कीवर तर या विचाराचा कळसच दिसतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या या परिसरात डोंगरातले पाणी मातीच्या नळांनी आणून उंचावरून सोडले जाते, त्यावर पीठ दळणारी चक्की फिरत असे आणि त्या पिठाच्या भाकरी खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, उतरलेल्या फकिरांना व वाटसरूंना मिळत. मोठ्या हौदाच्या तळाखाली जाड खांबांवर तोललेले एक विस्तीर्ण दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत असल्याने वैशाखातही तेथे गारवा असतो. वातानुकूलित खोली, ताजे पीठ आणि वाहत्या पाण्याचा नाद, या तिन्ही गोष्टी एकत्र पुरवणारे ठिकाण आज कोणी उघडले तर त्याचा एका रात्रीचा दर काय असेल याची कल्पना करणे कठीण नाही. अठराव्या शतकात येथे त्यांचा लाभ घेणारा ग्राहक प्रामुख्याने फकीर होता.

सामान्य प्रवाशासाठी सराई असे. चौकाभोवती ओवऱ्या, मध्ये विहीर, रात्री बंद होणारा मोठा दरवाजा आणि ज्याचे त्याने आणलेले अंथरूण, एवढा तिचा जामानिमा. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला अशा जुन्या सराईच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. सराईत माणूस आणि घोडा यांना जवळजवळ सारखीच वागणूक मिळे व त्याबद्दल तक्रार असलीच तर ती घोड्याची असे. इंग्रजी अमदानीत हिच्या जागी डाक बंगला आला. टपालाच्या रस्त्यावरील मुक्कामाची सरकारी इमारत असे त्याचे स्वरूप असून त्याचा कारभार खानसामा, म्हणजे स्वयंपाक व देखरेख दोन्ही सांभाळणारा माणूस, पाहत असे. जेवणास काय मिळेल या प्रश्नावर तो अनेक पदार्थांची नावे सांगे, परंतु शेवटी मिळे ती कोंबडीच, आणि तीही पाहुण्याच्या आगमनानंतर अंगणात सुरू होणाऱ्या पाठलागाच्या यशावर अवलंबून असे. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत विश्रामगृहाच्या परवानगीसाठी अव्वल तालुकदाराकडे, म्हणजे तेथील जिल्हाधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागे. पाहुणा अर्जाने लहान आणि परवानगीने मोठा होई.

या साऱ्या पाहुण्यांत रॉबर्ट गिल या मद्रास फौजेतील अधिकाऱ्यास विसरून चालणार नाही. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती काढण्यासाठी नेमले, त्याने अजिंठा गावच्या बारादरीत, म्हणजे चहूबाजूंनी कमानी असलेल्या हवेशीर वास्तूत, बिऱ्हाड थाटले आणि कामापुरता आलेला हा माणूस आयुष्याचा उरलेला बहुतेक काळ याच मुलखात राहिला. त्याने रंगवलेल्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. स्वतः गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. ऐतिहासिक वास्तूत फार काळ राहिल्यास माणूस इतिहासातच जमा होतो, याचे हे उदाहरण.

आजचा पाहुणा इतका काळ राहत नाही. त्याचा मुक्काम शनिवारी दुपारी दोनला सुरू होऊन रविवारी सकाळी अकराला संपतो आणि तेवढ्या अवधीत त्याला तीन राजवंशांचे सुख उपभोगायचे असते. स्वागतकक्षात हिमरूची शाल काचेच्या पेटीत असते, भिंतीवर कोणत्या तरी अनामिक सरदाराचे तैलचित्र असते, ज्याचे आडनाव व्यवस्थापकालाही ठाऊक नसते, आणि दारावर मिशा वळवलेला एक तरुण राजस्थानी फेटा बांधून उभा असतो. हा तरुण बहुधा पैठण किंवा गंगापूर तालुक्यातला असतो, त्याने इतिहासात पदवी घेतलेली असते आणि हॉटेलाच्या पत्रकातील सनावळी चुकल्या आहेत हे त्या इमारतीत फक्त त्यालाच माहीत असते. पण ते सांगण्यासाठी त्याला नेमलेले नसते.

मराठी कुटुंब खोलीत शिरल्यावर प्रथम काय पाहते, यावर समाजशास्त्रीय अभ्यास व्हावयास हवा. ते छताची नक्षी पाहत नाही, नळ सोडून पाहते. ज्या शहरात पैठणच्या जायकवाडीसारखे विशाल धरण जिल्ह्यातच असूनही अनेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही, आणि मागच्या खेपेस ते कधी आले याची खूण दिनदर्शिकेवर करावी लागते, त्या शहरातून आलेल्या गृहिणीस चोवीस तास वाहणारा नळ दिसला, की शाही थाट म्हणजे काय याचा तत्काळ बोध होतो. बाथटब म्हणजे आडवे पडून स्नान करण्याचे पात्र. परंतु सासूबाईंच्या दृष्टीस पडताच त्याचे स्वरूप बदलते आणि ‘सूनबाई, एवढं भरून ठेवा, सकाळी नाही आलं तर?’ असा आदेश सुटतो. त्यानंतर बादली आणि मग यांची मागणी खाली जाते. बादली ही वस्तू माहितीपत्रकात कोठेही नसते, पण प्रत्येक मजल्यावर ती कोठे दडवलेली आहे हे सफाई कामगारांना माहीत असते, कारण ती मागितली जाणार हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. चहा करण्यासाठी ठेवलेल्या किटलीत प्रथम दूध ऊतू जाते, आणि घरून आणलेला चिवडा व शंकरपाळे यांचे डबे संगमरवरी मेजावर उघडले जातात, तेव्हा कोठे खोलीस घरपण येते.

ग्रामीण जीवनाचा अनुभव हे या मुक्कामाचे दुसरे अंग. हिवाळ्यात हुरडा असतो. ज्वारीची कोवळी कणसे आगटीत, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या पेटवलेल्या खड्ड्यात, भाजून तळहातावर चोळून दाणे काढतात आणि ते शेंगदाण्याच्या चटणीशी व गुळाशी खातात. पूर्वी शेजारच्या शेतात बोलावणे आले की हा कार्यक्रम फुकट होई आणि नाही गेले तर शेतमालक रागवे. आता तो प्रतिव्यक्ती दराने होतो आणि हातमोजे घातलेला आचारी दाणे चोळून देतो. बैलगाडीची फेरी यापुढची पायरी होय. ज्यांचे वडील कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यात आयुष्यभर बैलगाडी हाकून, त्यातून मुलाची सुटका व्हावी म्हणून त्यास शहरात शिकावयास पाठवते झाले, तेच साहेब आपल्या मुलास पैसे भरून गाडीत बसवतात आणि ‘हे बघ, आपलं कल्चर’ असे सांगतात. बैल या सर्व प्रकाराकडे ज्या नजरेने पाहतात तीत अभिप्राय लिहिण्याची पुरेपूर पात्रता असते.

खऱ्याखुऱ्या गढीचे हॉटेल व्हावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात विनोदाचा राहत नाही. पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाटापलीकडे जाधववाडीस मराठा सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेल्या गढीत २००७ पासून हॉटेल आहे, तेथे पाहुण्याचे स्वागत तुतारीने होते आणि त्यावर कोणी फारसा आक्षेप घेतलेला दिसत नाही. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने देण्याची वार्ता आली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की शिवकालीन किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा शासनास करावा लागला. हा संताप योग्यच होता. मात्र ज्या गढ्यांच्या भिंती गावोगाव ढासळत आहेत आणि ज्यांच्या चिरांवर शेजारची घरे उभी राहिली आहेत, त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढलेला ऐकिवात नाही. ज्या गढीत कोणीच झोपत नाही तिच्याबद्दल कोणाची झोप उडत नाही. लग्नाच्या वरातीपायी किल्ल्याचा अवमान होतो हे मान्य केले, तरी बाभळीपायी होत नाही हे कसे, याचे उत्तर मिळावयास हवे.

संभाजीनगरात तूर्त अशी विभागणी झालेली दिसते, की खरे महाल संग्रहालये तरी आहेत, कार्यालये तरी आहेत किंवा पडझडीत तरी आहेत, आणि झोपण्याची सोय असलेले महाल सिमेंटचे आहेत. पहाडसिंगपुऱ्यातील सोनेरी महाल सतराव्या शतकातला. तेथे आता शासनाचे संग्रहालय आहे, तिकिटाचा दर किरकोळ आहे आणि रविवारीही तेथे निवांतपणा लाभतो. त्याच वेळी महालाची नक्कल करणाऱ्या हॉटेलाच्या हिरवळीवर छायाचित्रांसाठी रांग असते. नकलेची खोली मिळते आणि असलाची मिळत नाही, हे त्याचे सरळ कारण आहे. शिवाय असलात गिझर नाही.

तरीही ज्यांना राजेशाही मुक्काम करावयाचाच आहे त्यांनी आरक्षणापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक पाहुणे गर्दी टाळण्यासाठी व दर कमी असतो म्हणून रविवार संध्याकाळ ते मंगळवार असा बेत आखतात, आणि मग लेण्यांचा क्रम उलटा धरल्याने जगप्रसिद्ध लेण्यांच्या जिल्ह्यात दोन दिवस पोहण्याच्या तलावाकाठी बसून काढतात. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी.